सतरा नंबरचा बिल्ला

टेकडीच्या पायथ्याशी एक लाकडी खोली, खोलीत एक फळी, फळीवर चाळीस खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर दोरी ओवलेला पितळी बिल्ला. वर जाणाऱ्याने बिल्ला गळ्यात घालायचा, उतरल्यावर परत द्यायचा. खुंटी रिकामी म्हणजे माणूस अजून टेकडीवर. इतक्या सोप्या हिशोबात कुणी काय चुकणार? पण माणसं सोप्यातच चुकतात, हे मोजणीमावशीला अकरा वर्षांत पुरतं कळलं होतं.

तिचं खरं नाव कार्यालयातल्या कागदावर होतं, तिथंच राहिलं. आधी ही फळी नवऱ्याकडे होती. तो गेला आणि तिच्याकडे आली. चढताना माणसं कशी होती आणि उतरताना कशी झाली, याची तिच्या डोक्यात पक्की नोंद असे. हातात हात घालून चढलेली जोडपी उतरताना मधून तिसरा आरामात चालेल एवढं अंतर ठेवून येत. ‘आपल्याला कसली दमछाक’ म्हणणारे बाप पोरांच्या खांद्याचा आधार घेत उतरत. आज्या मात्र चढत तशाच उतरत, कारण त्यांना कुठंच वेळेवर पोचायचं नसे.

त्या रविवारी दुपारी एक कुटुंब आलं. आई, बाप, आजी आणि दोन शेंड्यांना पिवळी रबरं लावलेली सहा वर्षांची मुलगी. मुलीने बिल्ला घेतला तो थेट दातांत धरला.

“काढ तोंडातून. तुझ्याआधी शंभर जणांनी चावलाय तो.”

“पण हा कशाला घालायचा?”

“पूर्वी शिडाची जहाजं यायची ना, तेव्हा वर एक टेहळ्या बसायचा. बेटांच्या मागून शीड दिसलं की हा काठीवर निशाण चढवायचा, आणि खाली बंदरात धावपळ सुरू. एकदा धुक्यात पाय घसरून पडला. दोन दिवस तसाच पडून. तो वर गेलाय हेच कुणाला ठाऊक नाही, तर शोधणार कोण? तेव्हापासून बिल्ले आले.”

“मग तो मेला?”

“छे गं! लंगडा झाला. पुढं वीस वर्षं याच फळीपाशी बसला.”

“म्हणजे घसरला आणि बसायची नोकरी लागली,” आजी म्हणाल्या. “आमचे हे जन्मभर घसरले, पण कुणी खुर्ची दिली नाही.”

“आई, चला आता,” बाप म्हणाला, आणि मंडळी हसत वाटेला लागली. त्यांच्या मागोमाग राखाडी शर्टातला एक माणूस आला. एकटाच. बिल्ला घेतला, ना हसला ना बोलला. एकट्या माणसाकडे मावशी जरा जास्तच निरखून बघत असे.

पाचच्या सुमाराला सगळे एकदम उतरले. दहा जणांचा एक घोळका, त्यात हे कुटुंब. बाहेर बसचा हॉर्न. झोपलेल्या मुलीला खांद्यावर टाकून बापाने बिल्ल्यांचा झुबका मावशीच्या हातात कोंबला. “सगळे आहेत हं, मावशी!” इतरांनीही तेच केलं. बस गेली, धूळ बसली, मावशीने एकेक बिल्ला जागेवर लावला आणि एक खुंटी रिकामी राहिली. सतरा.

सतरा कुणाला दिला होता? मुलीला की त्या राखाडी शर्टाला? आठवेना. आणि तो माणूस उतरताना दिसला होता का? तेही आठवेना. तिने कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला.

“अहो मावशी, गेला असेल एखाद्या पोराच्या खिशातून. कुलूप लावा आणि घरी जा. मंगळवारी बघू.” सोमवारी टेकडी बंद असे.

“आणि वर कुणी असला तर?”

“कोण असणार? तुम्ही पण ना, उगाच जिवाला घोर लावून घेता.”

साहेबांचा जीव फोनच्या दुसऱ्या टोकाला निवांत होता. मावशीने फोन चार्जिंगला तसाच ठेवला, वर रेंज येतच नसे. काठी घेतली आणि नियम तो नियम म्हणून चाळीस नंबरचा बिल्ला गळ्यात घातला. मग तिचं तिलाच हसू आलं. रिकामी खुंटी बघायला खाली होतं कोण?

गुडघे कुरकुरत होते. प्रत्येक वळणावर ती थांबून हाक मारी, “ओ, सतरा नंबर!” नाव माहीत नसलेल्याला दुसरं काय म्हणणार? उत्तर वाऱ्याचंच येई.

माथ्यावर कुणी नव्हतं. जुन्या निशाणकाठीला एक लोखंडी आकडा होता आणि शेजारी पाटी : ‘कामावर आलेला टेहळ्या आपला बिल्ला येथे अडकवत असे.’ आकड्याला सतरा नंबर डुलत होता, दोरीला पिवळं रबर गुंडाळलेलं. पाटी वाचली, बापाने उचलून धरलं, लेकीने अडकवला. कामावर हजर! आणि खाली पोचेपर्यंत बाप ते विसरूनही गेला.

“अगं कार्टे,” मावशी म्हणाली, आणि दगडी बाकावर बसली. तीन वर्षांनी ती वर आली होती. समोर सातही बेटं जागच्या जागी होती, एकमेकांपासून बेताच्या अंतरावर, बोलाचाल नसलेल्या भावांसारखी. मधल्या पाण्यातून एक होडी जात होती.

आत्ता आपण घसरलो तर? चाळीसची खुंटी रिकामी. साहेब येणार मंगळवारी. म्हणजे दोन दिवस. टेहळ्याइतकेच.

मग तिला स्वतःची लेक आठवली. दर रविवारी सहाला लेकीचा परगावाहून फोन येई. आई उचलत नाही म्हटल्यावर ती पुन्हा करील, पुन्हा करील, घाबरेल, साहेबांना उठवून बसवील. सहा वाजायला आले होते. मावशी उठायला गेली आणि पुन्हा बसली. वाजू दे जरा, तिला वाटलं. लेकीला उगाच घाबरवायचं हे काही बरं नव्हे, हेही वाटलं. तरी आणखी दहा मिनिटं बसली. मनात फोन वाजत होता. पाचदा. आठदा.

उतरताना मात्र तिने घाई केली. पोरगी रडकुंडीला आली असेल. दोनदा पाय सरकला, काठीने सावरलं.

फोनवर मिस्ड कॉल होता. एक. सहा वाजून दोन मिनिटांनी. खाली मेसेज : ‘आई, बिझी दिसतेस. पुढच्या रविवारी करते.’

मावशीने तो दोनदा वाचला. ‘बरं’ असं लिहिलं आणि पाठवलं. मग सतरा नंबर त्याच्या खुंटीला लावला, पिवळं रबर तसंच ठेवून. गळ्यातला चाळीस काढायला हात वर गेला, तो अर्ध्यात थांबला.

तिने तो बिल्ला पदराखाली सारला. फळीवर चाळीसची खुंटी रिकामी ठेवली, दिवा मालवला, कुलूप लावलं. मंगळवारी साहेब फळीसमोर उभे राहतील. विचारतात का, ते बघायचं होतं.