शिगेचं वजन

मी एक पितळी वाटी आहे, आणि वजन म्हणजे काय हे मला अजूनही नीटसं कळलेलं नाही. माझ्यात बेसन भरलं तर शंभर ग्रॅम, रवा भरला तर एकशे चाळीस. पोट तेच, काठ तोच. मग वरचे चाळीस ग्रॅम कुठे मावतात? कदाचित माझंच काही चुकत असेल.

इतवारीतल्या तांबटाने मला घडवलं. अंजनाबाई लग्न होऊन कन्हानहून नागपुरात आल्या, तेव्हा त्यांच्या आईने मला पिठाच्या डब्यात घालून पाठवलं. पुढची कितीतरी वर्षं या घरातलं सगळं मीच मोजलं.

मग वजनकाटा आला. बाईंचे यजमान प्रेमानंद सर भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. कुलूप लावून तीनदा ओढून पाहणारे. त्यांनी घरातला प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये लिहून काढला. बाईंनाही काट्याची सवय झाली. माझ्यात खिळे आणि रबरबँड आले.

गेल्या वर्षी काचबिंदूने बाईंची नजर नेली. सावल्या दिसतात, काट्यावरचे आकडे दिसत नाहीत.

"आई, यंदा लाडू विकतच आणू," सून मिनल मायेने म्हणाली. त्यानंतर बाई आठवडाभर स्वयंपाकघरात आल्या नाहीत.

तेव्हा सरांनी मला शोधून चिंचेने घासलं. बेसन, रवा, पिठीसाखर, एकेक जिन्नस माझ्यात भरून, सुरीने काठाशी सपाट करून, तीन-तीनदा तोलला. तक्ता झाला. पाचशे ग्रॅम बेसन म्हणजे पाच वाट्या.

"भरून देऊ काय?" सरांनी विचारलं.

"डोळे गेले, हात नाही गेले," बाई म्हणाल्या. "पण आता बिघडले ना, तर मी गॅसपाशी पाय ठेवणार नाही."

बिघडले. एकही लाडू वळेना, नुसता भुगा. बाईंनी हात धुतले आणि बाहेर जाऊन बसल्या. "माझंच गणित चुकलं असेल," म्हणत सरांनी तक्ता दोनदा तपासला. चूक सापडेना. शेवटी ते बाईंना विनवून परत घेऊन आले. "फक्त एक वाटी भरून दाखव."

बाईंनी भरली.

"अवं, एवढा ढीग काहून करून राहिली? सपाट कर ना."

"सपाट? आमच्या कन्हानले सपाट माप कोणालेच देत नाही, दळभद्री दिसते. शीग लावूनच भरते."

"अन् तुपाले?"

"तूप कुठं शीग धरते, सर?" बाईंना हसू आलं.

बेसन वाढलं होतं, तूप तेवढंच राहिलं होतं. सरांनी ती शीग तोलली. एकशे पंचवीस. पुन्हा भरायला लावली. एकशे पंचवीस. मग एकशे चोवीस, मग पुन्हा पंचवीस. दहा वेळा. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून उभे राहिले.

मीही थक्क झाले. शीग माझ्या काठाच्या वर असते, जिथे मी नसतेच. तिथे पंचवीस ग्रॅम बेसन नजर गेलेल्या बाईंच्या बोटांवर दर वेळी तसंच उभं राहत होतं.

"चार वाट्या घे," सर हळूच म्हणाले. लाडू वळले.

आता मी बेसनाच्या डब्यात राहते. तक्ता भिंतीवर आहे. बेसनापुढचं 'पाच वाट्या, सपाट' खोडून सरांनी वर लिहिलंय, 'चार वाट्या, अंजनाच्या हातच्या'. एवढंच मागणं आहे, माझ्या काठावरून पुन्हा सुरी फिरवू नका.