बंदी उठली तेव्हा दात नव्हते

मी ट्रम्पेट. बोलतोय कसला, कुरकुरतोय. पितळेच्या अंगाला फुंकर मिळाली नाही की असंच होतं.

माझा मालक जॅझ वाजवायचा. म्हणजे ठरलेली चाल घेऊन निघायचं आणि वाटेत मनाला येईल तसं वळायचं. आमच्या देशात नवे सत्ताधारी आले, त्यांना हे वळणंच खुपलं. रेडिओवरचे आमचे कार्यक्रम बंद झाले. एका समारंभात त्याला लष्करी कूचगीत वाजवायला सांगितलं. त्यानं ते असं झुलवलं की सैनिकांची पावलं चुकली आणि लोक हसले. दुसऱ्याच दिवशी दारावर पहारा बसला. बायको, तान्ही मुलगी आणि मी, एवढंच घेऊन त्यानं पहारा चुकवून सीमा ओलांडली.

परक्या देशात त्याला लॉन्ड्रीत काम मिळालं. दिवसभर वाफेत चादरींना इस्त्री. संध्याकाळी मला ओठांशी धरलं, की खालच्या मजल्यावरची म्हातारी छताला काठी ठोकायची. मग माझ्या तोंडात मोजा कोंबून वाजवणं आलं. एका क्लबवाल्यानं बोलावलं खरं, पण त्याला जॅझ नको होतं. तुमच्याकडचं काहीतरी रडकं वाजवा म्हणाला, निर्वासित म्हटला की लोकांना तेच आवडतं. मालक तडक घरी आला.

"स्वाभिमान ठीक आहे," बायको म्हणाली, "पण वाजवणार कुठे?"

त्यानं मोजा उचलून पुन्हा माझ्या तोंडात कोंबला.

वर्षं सरली. बायको गेली. मग मालकाचे पुढचे दात पडले. कवळी बसवली, पण ओठांना आधार मिळेना. फुंकलं की नुसती हवा.

आणि नेमका तेव्हाच मायदेशातून फोन आला. राजवट बदलली होती, बंदी उठली होती, आणि तिथल्या संग्रहालयाला मला काचेच्या कपाटात ठेवायचं होतं. चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात ते हेच.

मुलगी म्हणाली, देऊन टाका, निदान नाव तरी राहील. मालक फोनवर एवढंच बोलला, "वाजत होता तेव्हा पिटाळलंत. आता मुका झालाय, तर मिरवायला हवाय?"

तेव्हापासून रोज दुपारी तो मला घेऊन बसतो. चिडतो, थुंकी पुसतो, पुन्हा फुंकतो. काल एक सूर निघाला. त्यानं मुलीला हाक मारून विचारलं, ऐकलास का?

"ऐकला, बाबा. जरा बेसूर होता."

तो असा भडकला, की लगेच मला पुन्हा उचललं.

तेवढं कपाट मात्र नको. बेसूर चालेल.