हिंमतराव निष्पाप कसे?

वाघोलीत त्या दिवसांत रडण्यासाठी रांग लागत होती. हसू नका, खरंच लागत होती. नगर रस्त्यालगतच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव पडला होता आणि टपरीवरचा पहिला चहा उकळायच्या आत माणसं चपला काढून उभी राहायची. शेत विकून गाडी घेतलेले गाववाले, टॉवरमध्ये भाड्यानं राहणारी विदर्भातली पोरं, गळ्यातलं कंपनीचं आयडी कार्ड काढायलाही विसरलेले इंजिनिअर. सगळे मान वर करून, डोळे फाडून तयार!

"पाप कुठं साचतं, भक्तहो?" नेत्रानंद महाराज माइकवरून विचारत. "पोटात? छातीत? छे! पाप साचतं बुबुळावर. आपल्या अंजनानं ते सैल होतं आणि आठवड्याभरानं वाहायला लागतं. आधी एक डोळा, तो या जन्माचा. मग दुसरा, तो मागल्या जन्माचा. डोळा जितका लाल, तितका आत्मा उजळ! चिपडं धरली तर समजा, वडिलोपार्जित आहे."

मग महाराज डबीत काडी बुडवत आणि रांगेतल्या एकेकाच्या डोळ्यांतून फिरवत. काडी एकच. डबीही एकच. आणि खरोखर, आठवड्याभरानं लोकांचे डोळे लालबुंद व्हायचे, घळाघळा वाहायचे आणि पुढं दहा-पंधरा दिवसांत पुन्हा लख्ख! लाल डोळ्यांची शेजारीण शालन तर भाजी निवडतानाही सांगायची, "माझं समदं वाहून गेलं बाई. आता सासूशी भांडले तरी नव्यानं खातं उघडेल."

हे सगळं चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून तनुजा ऐकत होती. न ऐकून सांगते कुणाला? कर्णे तिच्याच खिडकीकडं तोंड करून होते. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घ्यायची. पण सध्या रजेवर. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. धाकट्या भावाच्या, विश्वजीतच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, तिला दिल्या होत्या आणि ते रोपण अजून कोवळं होतं. जुनी प्रतिकारशक्ती डॉक्टरांनी औषधांनी पुसून टाकली होती, नवी अजून रांगायलाही शिकली नव्हती. म्हणून तोंडाला मास्क, पाणी उकळलेलं आणि पाहुण्यांना दारावरूनच नमस्कार.

तिचं सगळं आई बघायची. आनंदीबाई मूळच्या इथल्याच. जिथं आज टॉवर उभा आहे, तिथं त्यांची ज्वारी उभी असायची. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं दोन फ्लॅट दिले होते. एकात हे तिघं राहत, खालच्या मजल्यावरचा रिकामा होता.

एके दिवशी मऊ भाताचं ताट पुढं ठेवत आनंदीबाई म्हणाल्या, "शुक्रवारी म्हाराज घरी येनार हायत. तुझ्या डोळ्यांत अंजन घालायला."

तनुजाचा घास हातातच राहिला. "आई!"

"ओरडू नगंस. ते म्हन्ले, लेकीचं दुखणं पापाचं हाय. वाहून गेलं की रगत आपसूक चोख."

"वा!" लॅपटॉपमधून मान वर न काढता विश्वजीत म्हणाला. "म्हणजे हॉस्पिटलवाले उगाच माझ्या स्टेम सेल काढत बसले. एक काडी पुरली असती."

"तू गप बस. तुला कशाचं गांभीर्य न्हाई."

तनुजानं वाद घातला नाही. तिनं डॉक्टर भाग्यश्रींना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि मांडवातली हकीकत सांगितली.

"तपासल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण हा ॲडिनोव्हायरस वाटतोय. साध्या भाषेत, डोळे येणं. डोळे आलेला कुणीतरी पहिल्याच दिवशी रांगेत उभा राहिला असणार. त्याच्या डोळ्यातली काडी पुढच्याच्या डोळ्यात, तिथून त्याच्या पुढच्याच्या. व्हायरसला इतकी चांगली वाहतूक सोय पुण्यात दुसऱ्या कुणाला मिळत नाही. निरोगी माणसाचे डोळे आपोआप बरे होतात, त्यात महाराजांची काही कर्तबगारी नाही. पण तनुजाच्या शरीरात तो डोळ्यात थांबेलच असं नाही. पोट, मूत्राशय, यकृत, फुप्फुसं, कुठंही शिरेल. आणि त्याच्यावर हमखास लागू पडेल असं औषध माझ्याकडं नाही. आनंदीबाई, ऐकताय ना? जिवावर बेतू शकतं."

फोन बंद झाला. आनंदीबाई पदराशी चाळा करत बसल्या. "डाक्टर लोकांना देवाधर्मातलं काय कळतंय?" त्या अखेर म्हणाल्या, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

आता तनुजातली टेस्टर जागी झाली. "बरं. देवाधर्मातलंच बोलू. रडलं कोण कोण?"

"समदा गाव. शालन, सोनबा, तो बँकेतला नागपूरकर."

"आणि न रडलेलं कोणी?"

"हायत की. पुढं खुर्च्यांवर बसत्यात ते. देणगीदार. त्यांना म्हाराज ज्याची त्याची चांदीची काडी देत्यात, अंजनाची डबीबी येगळी. त्यांना थेंबबी आला न्हाई. म्हाराज म्हन्ले, त्यांचे आत्मे आधीच निर्मळ."

"कोण कोण आहेत त्यात?"

"दोन बिल्डर. आन् हिंमतराव."

"म्हणजे आपले हिंमतराव निष्पाप?"

आनंदीबाई उत्तर द्यायला गेल्या आणि थबकल्या. त्यांनी व्हायरस उडवून लावला होता, डॉक्टरांना उडवून लावलं होतं. पण हिंमतराव? दरवर्षी नांगरटीला त्यांचा बांध वीतभर कोरणारा हिंमतराव? सोनबाला आणि सोनबाच्या मेव्हण्याला एकच प्लॉट विकून दोघांच्या घरी पेढे खाणारा हिंमतराव? विश्वास ठेवायलाही काही मर्यादा असते हो!

"त्यो निष्पाप?" त्या उसळून उभ्या राहिल्या. "मग आमी काय दरोडेखोर?"

आणि उभ्या राहिल्या तशाच मटकन खाली बसल्या. चेहरा पांढराफटक पडला. "तनू... मी परवाच घालून आले गं अंजन. तुला सांगितलं न्हाई."

आता मात्र तनुजा घाबरली. तिनं आईकडं बघितलं, पुढ्यातल्या ताटाकडं बघितलं. ते आईनंच कालवलं होतं. विश्वजीतनं पुन्हा डॉक्टरांना फोन लावला. लागण झाली असली तरी दोन दिवसांत ती पसरवण्याइतकी वाढण्याची शक्यता कमी, पण आईनं या क्षणापासून वेगळं राहायचं, असं ठरलं. विश्वजीत घरून काम करणार आणि बहिणीचं सगळं तोच बघणार.

आनंदीबाईंनी दोन लुगडी पिशवीत भरली आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवणंही टाळून त्या खालच्या फ्लॅटमध्ये गेल्या. म्हणजे जायला निघाल्या. पण पावलं आधी मांडवाकडं वळली.

"म्हाराज, एक शंका हाय," त्यांनी हात उंच केला.

"विचार, माउली!"

"हिंमतराव निष्पाप हायत का?"

"स्फटिकासारखा आत्मा!"

मांडवात मागं कुणीतरी खोकलं. सोनबा उघडच हसला. हिंमतराव खुर्चीत चुळबुळले. "आनंदीबाई, देवाच्या दारात जुनी भांडणं नकोत."

"ऱ्हायलं. मग ही समद्यांची काडी एकदा डोळ्यांत घालून घ्या की. निष्पाप मानसाला कशाचं भ्या?"

हिंमतराव खुर्चीसकट मागं सरकले. "छे छे! महाराजांनीच बजावलंय मला, त्या काडीच्या वाऱ्यालाही उभे राहू नका म्हणून!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण माइक जवळच होता आणि कर्ण्यांनी ते वाक्य अख्ख्या वाघोलीला ऐकवलं.

"मग म्हाराज, तुमीच घाला," आनंदीबाई म्हणाल्या.

"माझी पापं कधीच सरली, माउली."

"तर मग तुमाला काय बी व्हनार न्हाई. घाला!"

"घाला! घाला!" रांग ओरडायला लागली. सगळ्यात मोठा आवाज लाल डोळ्यांच्या शालनचा होता. महाराजांनी काडीकडं असं बघितलं, जसं आपण पायाशी आलेल्या विंचवाकडं बघतो. काडी त्यांच्या हातून गळून पडली.

तेवढ्यात आनंदीबाईंनी तनुजाला फोन लावून मोबाइल माइकला धरला. "बोल तनू."

तनुजाला स्वतःचाच आवाज खिडकीतून परत येताना ऐकू येत होता. "काका, मावशी, तुमची पापं वाहत नव्हती. तुमचे डोळे आलेत. एका काडीनं एकाचा रोग दुसऱ्याला दिला. ज्यांची काडी वेगळी त्यांना काही झालं नाही, एवढंच ते निष्पापपण. आठवड्याभरानं डोळे लाल होतात, कारण व्हायरसला वाढायला तेवढे दिवस लागतात. आपोआप बरे होतात, कारण तुमचं शरीर धडधाकट आहे. माझं नाही. शुक्रवारी हीच काडी माझ्या डोळ्यांत जाणार होती. हात धुवा, टॉवेल वेगळे ठेवा, डॉक्टरांना दाखवा. आणि डोळे बरे होईपर्यंत आजारी माणसाच्या जवळ जाऊ नका."

आरोग्य केंद्राची माणसं येईपर्यंत महाराज गॉगल लावून पसार झाले होते. काही लोक म्हणे महिनाभर त्यांची वाट बघत होते. अशांना कोण काय करणार?

पुढच्या आठवड्यात आनंदीबाईंचे डोळे आलेच. तनुजाच्या रक्ताच्या तपासणीत मात्र व्हायरस सापडला नाही. ते सांगायला तिनं फोन केला, तेव्हा आनंदीबाई खाली पार्किंगमध्ये उभ्या राहून खिडकीकडं बघत होत्या.

"आई, रडतेयस?"

"रडू कशाला? डोळं आल्यात." मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तनू, मी त्या म्हाराजाला तुझ्या उशाशी बसवनार हुते गं. माझ्या हातानं."

आता ते वाहणारं पाणी व्हायरसचं नव्हतं.

"बसवलं नाहीस ना?" वरून तनुजाही रडत होती. "तू विचारलंस, आई. अख्ख्या मांडवात तू एकटीनं विचारलंस."

तेव्हा मंडळी, देवाला हात जोडा, आमची ना नाही. पण कुणी चमत्कार दाखवला, तर तो किती जणांना झाला एवढंच मोजून थांबू नका. तो कोणाला झाला नाही, आणि का झाला नाही, हेही विचारा. मोठ्यानं विचारा. तुमच्या न विचारण्याची किंमत वरच्या मजल्यावरचं एखादं लेकरू मोजत असतं.