गरम असताना सरळ

"नवरी तुमच्याच गाडीत बसेल, भावजी," मिलुंका वहिनी म्हणाली, "पण आधी त्या गाडीचं मागचं ध्यान सरळ करा."

ती अंगणात बसून लग्नाच्या सार्मासाठी, म्हणजे खिमा भरायच्या गुंडाळ्यांसाठी, कोबीची पानं सुटी करत होती. हातातली सुरी तिने गाडीच्या दिशेने हलवली. तिहोमिर गाडीमागे जाऊन उभा राहिला. त्याची लाल गाडी पंचवीस वर्षांची होती, पण सायलेन्सरच्या दोन टोकांना लावलेली स्टीलची चकचकीत तोंडं अगदी नवी होती. पुतण्याच्या लग्नासाठी म्हणून त्याने ती मुद्दाम आणली आणि स्वतः बसवली होती. उजवं तोंड बंपरच्या खाचेत बरोबर मधोमध होतं. डावं खाली लोंबत होतं आणि उजव्यापेक्षा जरा बाहेरही आलं होतं.

"बोटभरच आहे," तो म्हणाला.

"बोटभर असो नाहीतर हातभर. तुमच्या मागे वीस गाड्या असणार, आणि प्रत्येकीतून कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करणार. सबंध रस्ताभर दिसणार काय, तर तुमच्या गाडीने वाकडं केलेलं तोंड. नाही जमलं तर सांगा, द्रागिशा आहेच. त्याच्या गाडीला चार आहेत. चारही सरळ."

द्रागिशा वहिनीचा भाऊ, म्हणजे नवऱ्या मुलाचा मामा. तो ऑस्ट्रियात लिंत्सला असे आणि दर उन्हाळ्यात आधीच्यापेक्षा लांब गाडी घेऊन गावी येई. यंदाची काळी होती आणि फाटकातून आत येत नव्हती.

वहिनीशी वाद घालायची तिहोमिरची सोय नव्हती. तीस वर्षांपूर्वी तिला नवरी म्हणून या घरी त्यानेच आणलं होतं, वडिलांच्या गाडीतून, आणि म्लावा नदीच्या पुलावर त्या गाडीचा सायलेन्सर गळून पडला होता. पुढचा सगळा रस्ता गाडी अशी गर्जत आली की चर्चमध्ये धर्मगुरूंनी विचारलेलं नवरीला ऐकूच आलं नाही. त्यांना दोनदा विचारावं लागलं. लोकांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. वहिनी हे विसरली नव्हती.

तिहोमिरने लग्न केलं नव्हतं. पोस्टाच्या खिडकीमागे बसून त्याचे केस पांढरे झाले, आणि भाऊ बुदिमिर गेल्यावर ओग्न्येन हा एकच पुतण्या त्याला आपलं म्हणायला उरला. यानंतर घरात लग्न नव्हतं. नवरी एकतर या शनिवारी त्याच्या गाडीत बसणार होती, नाहीतर कधीच कोणी बसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टातून आल्याबरोबर त्याने गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली. खाली उतरून त्याने सगळे क्लॅम्प ढिले केले, नळी हलती केली आणि सायलेन्सर ज्यावर टांगलेला असतो ते जुने रबर बदलले. मग पुढून मागे एकेक क्लॅम्प आवळत आला. पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध थांबला. तिहोमिरने फडक्याने दोन्ही तोंडं पुसली आणि गाडी घेऊन वहिनीकडे गेला.

वहिनी वाकून बघत राहिली.

"वाकडं," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. वाकडं होतं. डावं, बोटभर खाली.

घरी येऊन तो जेवला. वालाचं कालवण होतं, पण त्याला चव लागली नाही. जेवून गॅरेजमध्ये गेला तर दोन्ही तोंडं सरळ होती. त्याने पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध.

पहिल्यांदा त्याला द्रागिशाचा संशय आला. पण द्रागिशाला खाली वाकता येत नसे, पाठीचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा त्याने गाडी सुरू केली, मागे एक स्टूल ठेवलं आणि त्यावर बसून राहिला. पोपटाच्या पिंजऱ्यासमोर बसावं तसा. बऱ्याच वेळाने डावं तोंड, कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने, खाली आणि बाहेर यायला लागलं.

लोखंड तापलं की वाढतं हे तो शाळेत शिकला होता, पण आपल्याला त्याचा त्रास होईल असं त्याला वाटलं नव्हतं. डाव्या बाजूची नळी वळसा घेऊन येत होती, म्हणून लांब होती, म्हणून जास्त वाढत होती. गाडी थंड असताना तोंडं सरळ लावावीत तर गरम झाल्यावर वाकडी दिसणार. गरम असताना सरळ दिसावीत तर थंडपणी वाकडी ठेवायला हवीत. दोन्ही वेळी सरळ राहणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

त्याने ओग्न्येनला फोन लावला.

"लोक गाडी जास्त कधी बघतात रे? उभी असताना की चालताना?"

"काका," ओग्न्येन म्हणाला, "माझं शनिवारी लग्न आहे."

"म्हणूनच विचारतोय."

"चालताना," ओग्न्येन म्हणाला आणि फोन ठेवला.

गाडी निवल्यावर तिहोमिरने डावं तोंड थोडं वर उचललं, थोडं आत ढकललं आणि क्लॅम्प आवळला. आता ते रागावल्यासारखं दिसत होतं. मग गावाला एक मोठा फेरा मारून, गाडी चांगली तापवून, तो वहिनीच्या दारात थांबला. इंजिन बंद केलं नाही.

वहिनी या बाजूने वाकली, त्या बाजूने वाकली. आतून मोजपट्टी आणून लावली.

"ठरलं," ती म्हणाली. "द्रागिशाला मी सांगते."

शनिवारी सकाळी सगळ्यांच्या कोटावर रोझमेरीची काडी आणि गाड्यांच्या आरशांना टॉवेल बांधून वरात नवरीच्या गावी निघाली. निशाणवाल्याची गाडी पुढे, तीतच नवरा मुलगा, मागे तिहोमिर, त्याच्या मागे द्रागिशा. तिहोमिरची आत्या स्तामेनिया त्याच्या गाडीत मागे बसली होती. वय झाल्यामुळे तिला कोणी नाही म्हणत नसे. वहिनी आणि धर्मगुरू परस्पर चर्चमध्ये थांबणार होते.

नवरीच्या अंगणात मधोमध उंच खांब होता आणि टोकाला सफरचंद. नवऱ्याने ते बंदुकीने पाडल्याशिवाय नवरी घराबाहेर येत नाही. ओग्न्येनला चष्मा आहे. फोटोसाठी त्याने तो घरी ठेवला होता.

पहिली गोळी गेली. कबुतरं उडाली. वाजंत्र्यांनी नव्या दमाने वाजवलं. तिहोमिर गाडीजवळ उभा होता आणि गाडी चालू होती. अंगणातली सगळी माणसं त्याच्या गाडीच्या मागच्या बाजूला उभी होती. इंजिन बंद केलं असतं तर डावं तोंड त्यांच्या देखत वर चढलं असतं.

द्रागिशा हातात राकिया दारूचा पेला घेऊन आला.

"राव, बंद करा की ती गाडी. बायकांना वास येतोय."

"असू दे."

"कुठे दरोडा घालायचाय का? पळून जायच्या तयारीत दिसताय."

"पोरगा चुकला की लगेच नवरी पळवायची," तिहोमिर म्हणाला.

"तशी वेळ येणार बहुतेक," द्रागिशा खांबाकडे बघत म्हणाला.

ओग्न्येन चुकतच होता. एक गोळी कौलाला लागली, एक कुठे गेली ते कळलं नाही. नवरीचा भाऊ म्हणाला की सफरचंद जरा खाली आणू का, तर ओग्न्येन हट्टाला पेटला. वाजंत्री दमून सावलीत बसले. शेवटी नवरी नेदा स्वतःच खिडकीतून ओरडली, "अरे, डावीकडे धर, डावीकडे!" आणि सफरचंद फुटलं.

नेदा तिहोमिरच्या गाडीत बसली. आत्याने तिच्या झग्याचा घोळ सावरून घेतला. मागून द्रागिशाने अंगठा वर करून दाखवला. याचा अर्थ तोंडं सरळ होती. वरात ज्या रस्त्याने येते त्या रस्त्याने परतत नाही, म्हणून सगळ्यांनी टेकडीवरचा लांबचा रस्ता धरला. उतारावर मक्याच्या शेतांमध्ये आल्यावर तिहोमिरला आयुष्यात पहिल्यांदाच आपण कोणाच्या तरी पुढे आहोत असं वाटलं.

टेकडी उतरून झाल्यावर गाडी खोकली. पुन्हा खोकली. मग गप्प झाली आणि कडेला जाऊन थांबली.

गाडी गॅसवर चालत असे. टाकीत किती गॅस आहे हे दाखवणारे दिवे कधीच गेले होते. तो अंदाजावर चालवी, आणि अंदाजात सफरचंद धरलेलं नव्हतं. पेट्रोलचं बटण त्याने दाबून पाहिलं. पेट्रोल वसंतात भरलेलं होतं आणि वसंतातच संपलं होतं.

मागच्या वीस गाड्या थांबल्या. सगळे हॉर्न वाजवायला लागले, काहीजण आनंदाने.

द्रागिशा आला. "काय झालं?"

"गॅस संपला."

"उभ्या उभ्या जाळलात ना! मी सांगत होतो." त्याने मागचं दार उघडलं. "ये नेदा, माझ्या गाडीत ये. चर्चमध्ये सगळे खोळंबलेत."

तिहोमिर स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला.

"नवरीने वाटेत पाय खाली टाकायचा नाही," आत्या स्तामेनिया म्हणाली.

"असं कुठे आहे, आत्या?"

"आमच्याकडे आहे."

आमच्याकडे असं आहे की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. पण आत्याने दार ओढून लावून घेतलं आणि नेदाच्या मांडीवर हात ठेवला. नेदाने द्रागिशाकडे बघून खांदे उडवले.

द्रागिशाच्या डिकीत ओढायचा दोर होता, विकत घेतल्यावर न उघडलेल्या पिशवीत. त्या काळ्या गाडीचा मागचा हूक बंपरवरचं एक झाकण काढून आत फिरवून बसवावा लागतो. द्रागिशाला वाकता येत नव्हतं, म्हणून तिहोमिर लग्नाच्या पँटवर गुडघे टेकून बसला. त्याच्या नाकासमोर ती चार तोंडं होती. चारही सरळ, चारही गाडीइतकी लांबून आलेली. इतका वेळ चालूनही ती गरम कशी नाहीत म्हणून त्याने एकाला हात लावला. मग आत बोट घातलं. बोट दुसऱ्या पेराला अडलं. आत काळं प्लास्टिक होतं. खरी नळी खूप आत, जमिनीकडे तोंड करून, कोणाला दिसू नये अशी वाकवलेली होती.

त्याने वर पाहिलं. द्रागिशा त्याच्याकडेच बघत होता.

"धुताना कळलं मला," द्रागिशा हळूच म्हणाला. "पाणी आत जाईना." मग म्हणाला, "मिलुंकाला सांगू नका."

"कशाला सांगू?" तिहोमिर म्हणाला आणि हूक फिरवला.

काळी गाडी पुढे, दोर, मागे लाल गाडी. निशाणवाला पुन्हा पुढे झाला. इंजिन बंद असल्यामुळे स्टिअरिंग जड झालं होतं आणि ब्रेक दाबायला सगळं अंग लागत होतं. चर्चपर्यंत सबंध रस्ताभर तिहोमिरच्या समोर ती चार तोंडं होती.

"काका," मागून नेदा म्हणाली, "मामांच्या गाडीतून धूरच येत नाही. काय स्वच्छ गाडी आहे हो!"

"ऑस्ट्रियाची आहे," तिहोमिर म्हणाला.

चर्चसमोर मिलुंका वहिनी निळ्या पोशाखात उभी होती. दोर बघून तिने कपाळावर हात मारला. नवरी उतरली, माणसं गोळा झाली, वाजंत्र्यांना पुन्हा उत्साह आला. वहिनी सरळ लाल गाडीच्या मागे गेली. तिहोमिर तिच्यामागे गेला. टेकडीपासून इथपर्यंत गाडी पार थंड झाली होती. डावं तोंड आत ओढलेलं आणि बोटभर वर.

"वाकडं," वहिनी म्हणाली.

"गरम झालं की सरळ होतं."

"आणि गरम कधी होणार?"

"गॅस भरला की."

वहिनीने तिहोमिरच्या गुडघ्यांवरची माती पाहिली आणि हाताने झटकली. दोनदा झटकूनही ती गेली नाही.

"या वेळी गळून तरी पडलं नाही," ती म्हणाली.

फोटोवाला ओरडला, नवरीच्या गाडीबरोबर एक घेऊ, मागून घेतो, टॉवेल दिसू देत. सगळे गाडीभोवती जमले. वहिनी गाडीकडे पाठ करून, बंपरला टेकून उभी राहिली. फोटोवाल्याने तिला तीनदा बाजूला व्हायला सांगितलं. ती हलली नाही. घोळ दोन्ही हातांनी पसरून ती म्हणाली, "मी नवऱ्या मुलाची आई आहे. मी इथेच."

त्या फोटोत नेदा आणि ओग्न्येन एका कडेला आहेत, ओग्न्येन चष्म्याशिवाय भलतीकडे बघतोय. द्रागिशा काळ्या गाडीपासून जरा लांब उभा आहे. मध्ये वहिनीचा निळा पोशाख पडद्यासारखा पसरला आहे, आणि शेजारी तिहोमिर, मातीच्या गुडघ्यांनी. उजव्या बाजूचं काही दिसत नाही. डाव्या बाजूला, वहिनीच्या हाताखालून, एक चकचकीत तोंड जरा वर डोकावतं आहे.