खाणीतली बारा झाडं

"कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण ही उजाड खाण हिरवीगार झाली आहे!" खाणीच्या कँटीनमध्ये जमलेल्या विद्यापीठाच्या समितीला प्राध्यापकांनी छाती फुगवून सांगितलं. शाश्वत विकासावरचा हा अहवाल आज मंजूर झाला, की विभागप्रमुखाची खुर्ची त्यांचीच होती.

संशोधन त्यांनी अगदी काटेकोर केलं होतं. बारा जागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि शिस्तीप्रमाणे ती यादी आदल्या दिवशीच खाणीच्या साहेबांना कळवली. रोज एक जागा पाहायला निघाल्यावर तिच्या अलीकडे गाडी थांबे, कँटीनची मावशी किटलीतून चहा देई, आणि शेजारून एक डंपर धुरळा उडवत पुढे जाई. चहा संपवून वळण घ्यावं, तर समोर टवटवीत झाड हजर! डंपरमध्ये काय आहे, हे विचारायचं प्राध्यापकांनी मोठ्या कटाक्षाने टाळलं. पहिल्या झाडावरच्या घरट्यात अंडी होती. बाराव्यावर पिल्लं चोच वासून बसली होती. 'पक्ष्यांच्या बारा जोड्या परतल्या,' असं त्यांनी ठोकून दिलं.

आता पडद्यावर बाराही फोटो ओळीने झळकले. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राध्यापक मनातल्या मनात खुर्चीवर जाऊन बसलेही.

तेवढ्यात कपबशा गोळा करणारी मावशी पडद्याजवळ गेली आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

"अहो सर, थापा तरी किती माराव्या माणसानं!" ती कडाडली. "बाराही झाडांवर माझंच किटली पुसायचं फडकं वाळतंय. पहिल्या दिवशी चहानंतर टाकलं होतं झाडाच्या फांदीवर, तेव्हापासून शोधतेय मी!"