सर्वर डाऊन नव्हता!

मित्रांनो, मी एक जुना सर्वर आहे, आणि आज मी रागावूनच बोलणार आहे. आर्णीच्या कापूस सल्ला केंद्राच्या अडगळीत मी इतकी वर्षं पडून आहे, पण माझा राग काही निवला नाही. 'सर्वर डाऊन आहे' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते कानावर पडलं की अजून माझं डोकं फिरतं!

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मला इथे आणलं. घनश्याम नावाच्या तंत्रज्ञाने मला उभं केलं. गावोगावच्या लोकांच्या मेलच्या पेट्या माझ्या पोटात होत्या. बोंडअळी दिसली, पानं लाल करणारा लाल्या रोग पडला, की सल्ल्याची पत्रं मी क्षणात पोचवायचो. एकही पत्र मी हरवलं नाही. लोक मला शाबासकी द्यायचे. घनश्याम माझी धूळ पुसायचा, दर शनिवारी सगळी पत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायचा आणि केंद्राचे व्यवस्थापक अनंतराव यांना बजावायचा, "साहेब, मेल आला नाही तं पहिले मागचा हिरवा दिवा पाहा. तो बंद असला तं वायर टक् वाजेपर्यंत दाबा. मंग मोडेम बंद करून चालू करा. तरीबी नाही झालं तं मले फोन करा." अनंतराव मान डोलवायचे. पुढे घनश्याम नागपूरला गेला आणि मान डोलवणारे तेवढे उरले.

मग खंडेनवमी आली. माझं तोंड पूर्वेला हवं म्हणून अनंतरावांनी टेबल फिरवलं आणि त्यासाठी मोडेमकडून येणारी माझी वायर काढली. हळद-कुंकू लावलं, तेही थेट हवा घेण्याच्या झरोक्यांवर! वर झेंडूचा जाडजूड हार. पूजा झाल्यावर त्यांनी वायर परत खोचली, पण हाराचा दोरा खाचेत अडकला. टक् काही वाजलं नाही. हिरवा दिवा विझला. पूजा माझी, आणि मुस्कटदाबीही माझीच!

बाहेरून आलेलं पत्र आम्ही घेतलं नाही, तर पाठवणारं यंत्र साधारण पाच दिवस पुन्हा पुन्हा दार ठोठावतं आणि मग पत्र परत पाठवतं. हे मला ठाऊक होतं. पण सांगू कुणाला?

जवळच्याच गावच्या नागोरावांची मुलगी दीपा एका पत्राची वाट पाहत होती. कापसाने सलग दोन वर्षं दगा दिला होता, आणि तिला नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. नागपूरच्या एका दवाखान्याकडून त्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी मुलाखतीचं बोलावणं माझ्याकडेच येणार होतं. दसरा झाल्यापासून ती रोज काळीपिवळी जीपने यायची.

"साहेब, मेल आला का?"

"सर्वर डाऊन आहे वं. उद्या ये."

अरे, कोण डाऊन? माझा पंखा गरगर फिरत होता!

पाचव्या दिवशी, दुपारी साडेतीनला, दीपाने माझ्याकडे निरखून पाहिलं. "साहेब, पंखा तं फिरून राह्यला. मंग बंद आहे काहून म्हनता?"

"तुले काय समजते त्यातलं?" अनंतराव चहा पीत म्हणाले.

ती वाकली. तिने दोरा ओढून काढला, वायर दाबली. टक्! हिरवा दिवा लागला. काही मिनिटांत पत्रं धडाधड आत आली. तिचंही आलं. मुलाखत त्याच दिवशी होती, सकाळी अकरा वाजता.

 अनंतराव घाईघाईने दवाखान्याला मेल लिहायला लागले: 'सर्वर डाऊन असल्यामुळे उमेदवार येऊ शकली नाही.'

"त्याले कायले बदनाम करता साहेब?" दीपा म्हणाली. "तो तं चालूच होता. वायर तुमी काढली, तसं लिवा ना."

त्यांनी तसं लिहिलं नाही. माझ्यावरचा खोटा आळ मलाच वाहून न्यावा लागला, मित्रांनो! आणि मी तो नेला, कारण पत्र पोचवणं हे माझं काम. तासाभरात उत्तर आलं: जागा भरल्या.

म्हणून ही विनंती नाही, तंबी आहे. हार घालू नका, धूळ पुसा. पत्रांची दुसरी प्रत ठेवा. आणि माझ्या भाऊबंदांचं नाव घेण्याआधी खाली वाकून हिरवा दिवा बघा. वाकायला एक मिनिटही लागत नाही. दीपाला कुणी शिकवलंही नव्हतं.

ती पाच वाजताच्या गाडीने गेली, ती परत आली नाही. तिची पेटी मी अजून पुसलेली नाही. तीत ते एकच पत्र आहे. आणि ते पाच दिवस दारावर उभं असताना मी चालू होतो, मित्रांनो. मी सगळा वेळ चालूच होतो!