पत्र्यावर गेलेला दात

रामकिसनकाकाच्या जबड्याचं हाड शाबूत राहिलं. हे वाक्य तुम्ही पाहिलंच नाही असं समजा. कारण त्या दुपारी गारखेड्यातल्या दवाखान्यात काका आ करून पडला होता, समोरच्या दाताच्या जागी खड्डा होता आणि दात गायब होता.

काका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. वरातीतल्या घोड्यानं मान उडवली, ट्रम्पेट तोंडावर आदळलं, दाताचं मूळ उभं चिरलं. घोड्याला काही झालं नाही. समोरचा दात नाही तर ट्रम्पेट नाही, आणि काकाच्या जागेवर राजकुमार नावाचा तरणा वाजवणारा टपून होताच.

डॉक्टर विशाखा म्हणाल्या होत्या, "दात काढला की तिथलं हाड झिजतं. मग इम्प्लांटचा स्क्रू कशात बसवणार? म्हणून खड्ड्यात लगेच हाडाची भुकटी भरू."

"कुणाचं हाड?" काकानं विचारलं. काका माळकरी.

"जनावराचं असतं."

काका खुर्चीतून अर्धा उठला.

"बसा. तुमचाच दात दळून भरते. मशीन आहे."

घरचंच दळण म्हटल्यावर काका बसला.

दात निघाला, ट्रेमध्ये ठेवला. डॉक्टर मशीन आणायला आत गेल्या. परत आल्या तर ट्रे रिकामा.

"दात कुठंय?"

"टाकला की," आजी म्हणाली. मनकर्णाबाई, काकाची आई. काका बावन्न वर्षांचा असला तरी सोबत आली होती. "खिडकीतून, शेजारच्या पत्र्यावर. त्याबिगर नवा कसा येईल?"

"आजी, ते लहान लेकरांचं!"

"याचे समदे दात म्याच टाकले पत्र्यावर. समदे आले का नाय? इचारा त्याला."

काकाच्या तोंडात बोळा होता. त्यानं प्रामाणिकपणे मान हलवली. आले होते.

"भूल उतरायच्या आत दात पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर जनावराचं भरते, नाहीतर खड्डा तसाच. लवकर सांगा."

काकानं माळ घट्ट धरली आणि माझ्याकडं पाहिलं. मी पुतण्या. खिडकीतून उतरलो.

मे महिन्यातला पत्रा. एका पायावर उभं राहावं तर पत्रा वाकतो, दोन्हीवर राहावं तर दोन्ही भाजतात.

खालच्या गॅरेजमधून आवाज आला, "अबे, कौन है ऊपर?"

"दात ढूंढ रहा हूँ, चाचा."

खालची ठोकाठोक थांबली. "तेरा?"

"काका का."

"जल्दी ढूंढ. पत्रा मेरा है, और कमजोर है."

दात सापडला. अडचण अशी की मूठभर सापडले. दाताच्या दवाखान्याची खिडकी, शेजारी पत्रा, आणि इतक्या वर्षांत येऊन गेलेल्या इतक्या आया. बरेचसे दुधाचे होते, पण मोठेही होते. खाली पत्रा करकरला. मी सगळे खिशात भरले.

डॉक्टरांनी दात दिव्याखाली मांडले. चुकीचा दळला, तर माळकऱ्याच्या जबड्यात गारखेड्यातल्या अनोळखी माणसाचं हाड कायमचं राहायला येणार.

"ह्योच," आजीनं बोट ठेवलं. "पोटच्या पोराचा वळखते म्या."

"आजी, ही दाढ आहे."

डॉक्टर एकेक दात एक्स-रेशी ताडून पाहू लागल्या. एकाचं मूळ आखूड. एकाला चीर नाही. काकाचा ओठ थरथरला. भूल उतरत चालली होती. शेवटून दुसरा त्यांनी उलटा केला, परत सुलटा केला. उभी चीर. टोकाला जरासा बाक. एक्स-रेमध्येही तोच बाक.

"हा."

दात खरवडला, औषधात बुडवला. भुलीचं आणखी एक इंजेक्शन काकानं निमूट घेतलं. मशीन मिक्सरसारखं ओरडलं. भुकटी खड्ड्यात गेली, वर पडदा, टाके.

"हाड राहील," डॉक्टर म्हणाल्या. "पण इम्प्लांट चार-पाच महिन्यांनी. नवा दात बसेपर्यंत ट्रम्पेट बंद."

काकाचा फोन वाजला. राजकुमारचा मेसेज होता : 'काका, काळजी करू नका. मी आहे.'

इतका भीतिदायक मेसेज मी आजवर वाचला नव्हता. काकानं तो दोनदा वाचला. मी तिथंच अर्ज लिहायला घेतला.

सबब, माननीय जिल्हाधिकारी महोदयांस नम्र विनंती की, उपरोक्त हाड पक्के होऊन त्यात दात बसेपर्यंत पैठण व खुलताबाद तालुक्यांसह जिल्ह्यातील समस्त विवाह तहकूब करण्यात यावेत. आणि ज्या नवरदेवांस अगदीच धीर निघत नसेल, त्यांनी मंडपात पायी व मुकाट्याने जावे, असे आदेश आजच व्हावेत.